पी मधून लिव्हर निघेना, हँडब्रेक धरेना: ऑटोमॅटिक गाडीच्या पार्किंगच्या नेहमीच्या तक्रारी

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या गाडीशी जुळत असेल तरी पुढे वाचा.

- चढ-उतारावर उभी केलेली गाडी काढताना लिव्हर पी (पार्क) मधून ओढायला जोर लागतो, आणि निघताना खालून ‘खाड्’ असा दणका येतो.
- पी टाकून ब्रेकवरचा पाय उचलला, की गाडी चार बोटं पुढे किंवा मागे सरकते आणि मग हिसका देऊन थांबते.
- लिव्हर पी मधून हलतच नाही, सपाट जागेवरसुद्धा.
- हँडब्रेक पुरता ओढूनही उतारावर गाडी हळूहळू ढळते.
- हँडब्रेक सोडला तरी गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी चालते, मागच्या चाकाला जळका वास येतो.
- हँडब्रेक खाली आहे, तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा जात नाही.

पहिल्या दोन तक्रारी घेऊन आलेल्या गाडीत बहुतेक वेळा काहीही मोडलेलं नसतं. मालकाला मात्र गिअरबॉक्स गेला असंच वाटत असतं, आणि एखादा हुशार माणूस त्याला गिअरबॉक्स उघडायला लावतोही. म्हणून गाडी कुठेही नेण्याआधी पी म्हणजे नक्की काय होतं एवढं समजून घ्या.

पी टाकलं, की गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकाच्या खाचेत लोखंडी खिट्टी पडते. तिलाच पार्किंग पॉल म्हणतात. साधारण बोटाएवढी असते. ब्रेकशी तिचा काही संबंध नाही, ती फक्त गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा शाफ्ट अडवते. उतारावर हँडब्रेक न लावता नुसतं पी टाकलंत, तर टनभर वजनाची गाडी त्या एका खिट्टीवर रेलून रात्रभर उभी राहते. सकाळी लिव्हर ओढता तेव्हा दाबाखाली रुतलेली खिट्टी खाचेतून उपसावी लागते. बाहेरून कोणी दार लोटून धरलेलं असताना कडी निघत नाही, तसंच हे. दणका त्या खिट्टीचा असतो. गाडी चार बोटं सरकते त्याचंही कारण तेच: खिट्टी दात्यावर टेकलेली असते, पुढची खाच समोर येईपर्यंत गाडी घरंगळते आणि मग अडकते.

तपासणी १: तुम्ही गाडी उभी कशी करता?

याला ना पाना लागतो ना पैसा. क्रम असा ठेवा. पायाच्या ब्रेकने गाडी पूर्ण थांबवा. पाय तसाच ठेवून लिव्हर एन (न्यूट्रल) मध्ये न्या. हँडब्रेक पुरता ओढा. आता पायाचा ब्रेक हळूच सोडा आणि गाडीला हँडब्रेकवर बसू द्या, ती किंचित हलून थांबेल. पुन्हा पायाचा ब्रेक दाबा, पी टाका, इंजिन बंद करा. निघताना उलटं: पायाचा ब्रेक दाबून इंजिन सुरू करा, पी मधून डी (पुढे जायला) किंवा आर (मागे जायला) मध्ये या आणि हँडब्रेक सगळ्यात शेवटी सोडा.

पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसवायची पायरी बरेचजण गाळतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. आधी पी टाकून मग हँडब्रेक ओढला तर वजन खिट्टीवर जाऊन बसलेलं असतं, हँडब्रेक नुसता शोभेला. ‘मी तर रोज हँडब्रेक लावतो, तरी दणका येतोच’ म्हणणाऱ्याला मी माझ्यासमोर गाडी उभी करून दाखवायला सांगतो. क्रम तिथेच चुकलेला सापडतो.

आठवडाभर हा क्रम पाळा. दणका गेला, तर दुरुस्ती झाली. क्रम बरोबर असूनही दणका येत राहिला, तर हँडब्रेक पुरेसं धरत नाही असा त्याचा अर्थ. मग तपासणी ४ कडे जा.

‘पी असताना हँडब्रेक हवाच कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. लिव्हर पी वर दिसतोय म्हणजे खिट्टी पडलीच आहे, असं नसतं. अमेरिकेत १९८० च्या सुमारास फोर्डच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्या पी मधून आपोआप आर मध्ये सरकतात अशा तक्रारींचा ढीग लागला. शेवटी कंपनीने सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला सूचनेचं स्टिकर पाठवलं. सूचना साधी होती: लिव्हर नीट पी मध्ये बसवा, पार्किंग ब्रेक पुरता लावा, इंजिन बंद करा. २०१६ साली फियाट क्रायस्लरला जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांचा इलेक्ट्रॉनिक लिव्हर ढकलला की परत मधल्या जागी यायचा, त्यामुळे गाडी पी मध्ये गेली की नाही हे हाताला कळायचं नाही आणि लोक तशीच उतरायचे. दोन्ही ठिकाणी हँडब्रेक पुरता ओढलेला असता तर बहुतेक गाड्या जागच्या हलल्या नसत्या.

आणखी एक. उभ्या गाडीला मागून कोणी ठोकर दिली, तर नुसत्या पी वरच्या गाडीत तो सगळा धक्का खिट्टीवर येतो. खिट्टी तुटायचे जे मोजके प्रसंग असतात त्यातला हा एक. चालती गाडी पी मध्ये ढकलणं हा दुसरा. अगदी हळू चालत असतानाही खिट्टी दात्यांवरून कर्रर्र करत घासते आणि वेग उतरला की झटक्यात आत पडते.

तपासणी २: उतारावर पी मध्ये आत्ताच अडकलीय

लिव्हरशी झटापट करू नका. एकाला गाडीत बसवा, इंजिन सुरू, ब्रेकवर पाय तयार. दोघा-तिघांनी गाडी चढाच्या दिशेने ढकलायची. ती इंचभर सरकली की आतल्याने ब्रेक गच्च दाबायचा, हँडब्रेकही ओढायचा. आता वजन ब्रेकवर आलं आणि खिट्टी मोकळी झाली, लिव्हर दोन बोटांनी निघेल. ढकलणारे उताराच्या बाजूला उभे असतात, म्हणून त्या बाजूच्या चाकांमागे आधी ठोकळे किंवा मोठे दगड हवेतच, आणि ढकलणाऱ्यांनी गाडीच्या बरोबर मागे न राहता कोपऱ्यांना राहावं. उतार मोठा असेल तर माणसांनी हे करूच नये. वरच्या बाजूने दुसऱ्या गाडीने दोर लावून थोडं ओढणं बरं.

तपासणी ३: सपाट जागेवरही लिव्हर हलत नाही

हा प्रकार वेगळा. पायाचा ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पी मधून निघू नये म्हणून गाडीत एक विजेचं कुलूप असतं, शिफ्ट लॉक. ते उघडायला दोन गोष्टी लागतात: इग्निशन चालू आणि ब्रेक दाबल्याची खबर. ही खबर देतो ब्रेक पेडलजवळचा छोटा स्विच, जो बहुतेक गाड्यांत मागचे ब्रेक लाइटही लावतो. म्हणून पहिली तपासणी फुकटची: कोणाला तरी मागे उभं करा, ब्रेक दाबा, दिवे लागतात का ते विचारा. मागे भिंत असेल तर एकट्यालाही उजेड दिसतो.

दिवे लागत नसतील तर फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. उडालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बदला, मोठा घालू नका. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे, थांबा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. फ्यूज शाबूत असेल तर संशय पेडलच्या स्विचवर. भाग लहान आणि स्वस्त असतो, पण नेमका हाच बिघडलेला असताना लोक आख्खा लिव्हर बदलून बसलेले पाहिले आहेत. दिवे लागत नसताना गाडी पुढे चालवणं म्हणजे मागच्याला ठोकायचं आमंत्रण, तेव्हा लिव्हर कसाबसा निघाला म्हणून हे काम टाळू नका.

दिवे लागतात, पण लिव्हर हलत नाही? मग ब्रेक दाबताना लिव्हरच्या बुडाशी कान द्या. ‘टिक्’ असा बारीक आवाज येत असेल तर कुलपाचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने सरकणारी दांडी) जिवंत आहे आणि अडचण लिव्हरच्या यंत्रणेत आहे. खाचेत पडलेलं नाणं, वाळलेलं गोड सरबत, मुलांच्या खेळण्याचा तुकडा, सगळं तिथे सापडतं. आवाजच नसेल तर बॅटरी आधी बघा. सेल्फ मारताना दिवे फारच मंद होत असतील तर सोलेनॉइडला पुरेशी वीज मिळत नसावी.

अडकूनच पडलात तर लिव्हरच्या शेजारी बऱ्याच गाड्यांत एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक पुरता ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, झाकण उचकटून आतली कळ किल्लीने किंवा पेचकसाने दाबा आणि लिव्हर एन मध्ये आणा. ही सोय गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरती आहे. रोज पेचकस घालून गाडी काढणारेही असतात. त्यांनी आजच स्विच बदलून घ्यावा.

तपासणी ४: हँडब्रेक धरतच नाही

आधी खटके मोजा. हँडब्रेकचा लिव्हर नेहमीच्या जोराने ओढताना किती ‘टक्’ येतात ते ऐका. बहुतेक गाड्यांत ते चार ते नऊच्या दरम्यान असतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. लिव्हर पार वर येऊन टेकत असेल तर केबल सैल आहे किंवा लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) झिजलेत.

मग सपाट, मोकळ्या जागी: हँडब्रेक पुरता लावा, पायाने ब्रेक दाबून डी टाका, पाय हळूच उचला. अ‍ॅक्सिलरेटरला हात… म्हणजे पाय लावायचा नाही. इंजिनच्या नुसत्या फिरण्याने गाडी सरकायला लागली, तर उतारावर हा ब्रेक काय धरणार? सरकली नाही तर हलक्या उतारावर एन मध्ये तीच परीक्षा घ्या, पाय मात्र ब्रेकच्या वर तयार हवा.

आता ज्या कामात सगळ्यात जास्त घोळ होतो ते. हँडब्रेक सैल झाला, की लिव्हरखालचं कव्हर काढून केबलचा नट आवळायचा, ही सोपी युक्ती. दोन मिनिटांत लिव्हर घट्ट होतो, मालक खूश. पण मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असेल तर ड्रमला आतून दाबून धरणारे ब्रेक शू झीज भरून काढायला स्वतःहून बाहेर सरकत राहतात, त्यासाठी आत एक छोटा अ‍ॅडजस्टर असतो. तो धुळीने किंवा गंजाने अडकला, की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि केबल सैल वाटायला लागते. म्हणजे दुखणं ड्रमात, आणि औषध केबलला. वर केबल जास्त आवळली, की शू कधीच पुरते मिटत नाहीत. केबल ज्याला ओढते तो आतला दांडा अर्धवट ओढलेला राहतो आणि अडकलेला अ‍ॅडजस्टर कायमचाच निकामी होतो. काही दिवसांत तीच गाडी ‘मागचं चाक तापतंय’ म्हणून परत येते.

बरोबर क्रम असा: आधी ड्रम उघडून साफसफाई, लायनरची जाडी, अ‍ॅडजस्टर मोकळा करून शूचं अंतर जुळवणं, आणि केबलचा नट सगळ्यात शेवटी. कोणी ड्रम न उघडताच केबल आवळायला निघाला तर त्याला थांबवा. ड्रम उघडल्यावर आतून ओलं दिसलं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळतोय. त्या लायनरला घासकागद मारून परत बसवू देऊ नका. ऑइल लायनरमध्ये मुरतं, ते नीट धरत नाहीत. सिलिंडर आणि शू दोन्ही बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे शू एकदमच.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत एक चकवा आहे. लांब घाट उतरून गाडी लगेच उभी केली तर डिस्क तापून फुगलेली असते. हँडब्रेक तेव्हा घट्ट बसतो. मग डिस्क थंड होते, आक्रसते आणि पकड सैल पडते. तासाभराने गाडी घरंगळलेली सापडते आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. अशा वेळी एक खटका जास्त ओढा, पी टाका आणि चाकं वळवून ठेवा: तोंड उताराकडे असेल तर फुटपाथच्या दिशेने, चढाकडे असेल तर फुटपाथपासून लांब, म्हणजे गाडी ढळलीच तर टायर कठड्याला टेकेल.

तपासणी ५: हँडब्रेक सुटत नाही

‘केबल खराब होईल म्हणून मी हँडब्रेक लावतच नाही’ असं म्हणणाऱ्यांच्याच गाड्या यात जास्त असतात. न वापरलेली केबल नळीच्या आत गंजते. मग एक दिवस गरज पडते, जोर लावून ओढली की आत जाते आणि परत येत नाही.

दुसरं कारण ओल. गाडी धुऊन किंवा पाण्यातून काढून तशीच हँडब्रेकवर बरेच दिवस उभी ठेवली, की लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. चिकटलंच तर अ‍ॅक्सिलरेटर तुडवू नका, लायनर शूपासून सुटून येऊ शकतो. हँडब्रेक सोडून हलकेच आर, मग हलकेच डी. बहुतेक वेळा ‘टक्’ होऊन सुटतं. नाही सुटलं तर इंजिन बंद, पी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि ड्रमच्या कडेवर रबरी हातोड्याने गोल फिरत ठोका. गाडी पुष्कळ दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा बघा, पी टाका, ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा. उतारावर हे चालणार नाही.

चाक धरतंय का हे बघायला थोडं फिरून या आणि हाताचा पंजा मागच्या दोन्ही रिमजवळ आणा. लावू नका, भाजेल. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट तापलेली असेल तर त्या बाजूची केबल किंवा शू अडकलाय.

तपासणी ६: लाल दिवा

हँडब्रेक खाली आणि दिवा चालू, तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. पुष्कळ गाड्यांत दोन्ही इशाऱ्यांना एकच दिवा असतो. हँडब्रेकच्या लिव्हरचा स्विच चिकटला असेल म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि ऑइल उतरत राहतं. पातळी ‘मिन’च्या खाली असेल तर नुसतं ओतून मोकळं होऊ नका: पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. पातळी बरोबर असेल तेव्हाच लिव्हरच्या स्विचकडे वळा.

बटणाचा हँडब्रेक असेल तर

केबल आवळणं वगैरे इथे नाही, बहुतेक गाड्यांत मोटरच पॅड दाबते. सुटत नसेल तर ब्रेकवर पाय ठेवूनच बटण दाबता ना, एवढं बघा. मग बॅटरी. बॅटरी उतरली की तो सुटत नाही, जंप स्टार्ट दिला की सुटतो. ऑटो होल्ड (थांबलेली गाडी आपोआप ब्रेकवर धरून ठेवणारी सोय) हे सिग्नलला थांबण्यापुरतं आहे, त्यावर गाडी ठेवून उतरू नका. आणि घरी मागचे पॅड बदलायला बसू नका. मोटर सर्व्हिस मोडमध्ये मागे घेतल्याशिवाय पिस्टन दाबला तर कॅलिपरच (पॅड दाबणारा भाग) जातो.

लिव्हरवर पी ची खूणच नसेल तर तुमची गाडी बहुधा एएमटी आहे, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. तिच्यात ही खिट्टी नसते. ती एन मध्ये सोडून जाऊ नका, गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक लावा. मॅन्युअल गाडीसारखंच.

कुठे थांबायचं

हँडब्रेक मोकळा असताना हलक्या उतारावरही पी गाडीला अडवत नसेल, तर खिट्टी किंवा गिअर लिव्हरची केबल गेलीय. यात घरी करण्यासारखं काही नाही. चाकांना ठोकळे लावा आणि गाडी उचलून न्या. ब्रेक पेडल मऊ लागत असेल, टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, चाकातून धूर येत असेल किंवा बटणाच्या हँडब्रेकचा बिघाडाचा दिवा लागला असेल, तरी चालवत नेऊ नका.

जॅक लावायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा: पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक उचललंत, की पी चा भरवसा संपला. डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) उचललेलं चाक हवेत फिरतं आणि जमिनीवरचं उलट फिरून गाडी जॅकवरून घसरू शकते. तेव्हा तिला मागचा हँडब्रेकच धरतो. मागचं चाक उचललंत तर उलट, पी कामाचं आणि हँडब्रेक अर्धाच. दोन्ही लावा, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला ठोकळा लावा, आणि उतारावर गाडीखाली जाऊ नका.

मेकॅनिककडे गेलात तर ‘हँडब्रेकचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावर सोडू नका. खटके किती येतात, कोणतं चाक तापतं, त्रास गाडी गार असताना होतो की गरम, ब्रेक लाइट लागतात का, आणि याआधी कोणी केबल आवळली होती का, हे सांगा. शेवटचं तर विसरू नकाच, ते कळल्यावर बऱ्याचदा ड्रम उघडायच्या आधीच कारण सापडतं.